आधी, व्याधी आणि तब्येत

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, अकरावी गल्ली. कापडाची आणि सोन्याची दुकानं, क्लासेस, वडापावच्या गाड्या आणि या सगळ्यांच्या डोक्यावर डॉक्टरांच्या पाट्या असा इथला थाट. मधुमेहतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, लॅब, पुन्हा मधुमेहतज्ज्ञ. संध्याकाळी अशा एखाद्या दवाखान्याच्या बाकड्यावर दोन ओळखीची माणसं भेटली की संवाद साधारण असा होतो:

“काय मामा, तब्येत काय म्हणतीया?”

“काय म्हणणार? शुगर जरा वाढलीया.”

“टेन्शन लई घेतासा तुम्ही.”

“घेत न्हाई ओ. स्वभावच तसला, त्येला काय करायचं?”

चार वाक्यांत सगळं निदान झालं. आजार शुगरचा, त्याचं कारण टेन्शन, टेन्शनचं कारण स्वभाव आणि स्वभावाला औषध नाही, असं म्हण आधीच सांगून बसलेली. मामा आत जाऊन गोळ्या लिहून घेतील, पण मुळातला दोष जन्माबरोबर आला आहे, याबद्दल बाकड्यावर कुणाच्याही मनात शंका नाही. हा समज त्या बाकड्यापुरता नाही. आपण रोज वापरतो त्या शब्दांतच तो मुरलेला आहे.

‘तब्येत’ घ्या. मूळ अरबी ‘तबीअत’. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ ठसा उमटवणं, शिक्का मारणं. माणसावर जन्मतःच जो ठसा उमटला ती त्याची तबीअत, म्हणजे त्याचा स्वभाव. फारसीतून तो मराठीत आला आणि हळूहळू त्याचा अर्थ ‘आरोग्य’ झाला. जुना अर्थ मात्र पुसला गेलेला नाही. गवई तब्येतीत गातो, खवय्या तब्येतीत जेवतो, तेव्हा आपण त्यांच्या रक्ततपासणीबद्दल बोलत नसतो, त्यांच्या लागलेल्या मूडबद्दल बोलत असतो. कोल्हापूरच्या तालमीत तर तिसराच अर्थ आहे. “काय तब्येत केलीया गड्यानं!” इथे तब्येत म्हणजे कमावलेलं शरीर. स्वभाव, आरोग्य आणि शरीर, तिन्ही एकाच शब्दात नांदतात.

दुसरा शब्द ‘प्रकृती’. तो संस्कृतचा, अरबीशी त्याचं काही नातं नाही. पण चाल अगदी तीच. प्रकृती म्हणजे मूळ स्थिती, घडण. आयुर्वेदात गर्भधारणेच्या वेळीच ठरलेली वात-पित्त-कफाची ठेवण. हिंदीत प्रकृती म्हणजे झाडं, डोंगर, नद्या. मराठीत मात्र प्रकृती बिघडते, सुधारते, तिला आराम पडतो, तिला एखादी गोष्ट मानवत नाही. दोन वेगवेगळ्या कुळांतले शब्द मराठीच्या अंगणात आले आणि दोघांनीही ‘स्वभाव’ सोडून ‘आरोग्या’ची वाट धरली. याला योगायोग म्हणणं अवघड आहे. दोन्हींच्या मागे एकच वैद्यकविचार उभा आहे: माणूस जसा घडला, तसा तो आजारी पडतो.

तिसरा भाऊ ‘मिजाज’. अरबीत याचा अर्थ मिश्रण. युनानी वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांचं मिश्रण ज्या प्रमाणात, तसा माणसाचा मिजाज. इंग्रजीतला ‘टेंपरामेंट’ही मिसळणं या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेला, कारण दोन्हीकडे गुरू एकच, ग्रीक वैद्य. मराठीने या शब्दाचं काय केलं? ‘मिजास’ केली. कोल्हापुरात कुणाला मिजास आली तर वैद्याकडे नेत नाहीत, जागेवरच उतरवतात.

आता या मिश्रणातला सगळ्यात कामसू द्रव: पित्त. मराठी माणसाचं पित्त तीन प्रकारचं. रागावला की पित्त खवळतं. रात्री उशिरा झणझणीत मिसळ आणि वर दोन कटिंग झाले की सकाळी पित्त होतं, म्हणजे छातीत जळजळ. आणि अंगावर लालसर गांधी आल्या की पित्त उठतं, मग आजी आमसूल चोळते. डॉक्टरांच्या वहीत ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. भाषेच्या वहीत एकच. ‘ताप’ही तसाच. अंगात येतो तो ताप, डोक्याला होतो तो ताप, आणि ज्याला सारखा येतो तो तापट. ‘वात’ही मागे नाही. सांधे धरतो तो वात आणि शेजारचा पोरगा दुपारभर ड्रम बडवून आणतो तोही वातच.

ग्रीकांचंही असंच होतं. त्यांच्याकडे पित्ताला ‘खोले’ म्हणत. पिवळं पित्त वाढलं की माणूस कोलेरिक, म्हणजे तापट. काळं पित्त वाढलं की मेलँकॉलिक, म्हणजे खिन्न. हा सिद्धान्त कधीच मोडीत निघाला, पण त्याचा एक शब्द आजही राजारामपुरीतल्या प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर छापून येतो: कोलेस्टेरॉल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्ताच्या खड्यांत सापडणाऱ्या पदार्थाला नाव दिलं. ग्रीक खोले म्हणजे पित्त आणि स्टेरेऑस म्हणजे घट्ट. मामांचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणजे शब्दशः त्यांचं घट्ट पित्त वाढलं. त्यांच्या रागाशी मात्र त्या आकड्याचा संबंध नाही.

संस्कृतात एक सुंदर जोडशब्द आहे: आधिव्याधी. आधी म्हणजे मनाची पीडा, व्याधी म्हणजे शरीराची. दोन्ही एकाच धातूपासून, फक्त एका ‘वि’चा फरक. मराठीत ‘आधी’चा हा अर्थ मागे पडला, कारण आपल्याकडे आधी म्हणजे अगोदर. पण त्यामुळे एक गंमत झाली. जगभरच्या संशोधकांनी गेली सत्तर वर्षं ज्या प्रश्नावर घालवली तो मराठीत श्लेषाने मांडता येतो: व्याधीच्या आधी आधी असते का?

असते, असं सांगणाऱ्यांत सगळ्यात गाजले ते सॅन फ्रान्सिस्कोचे दोन हृदयरोगतज्ज्ञ, मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन. त्यांनीच सांगितलेली हकिगत अशी की, दवाखान्यातल्या खुर्च्यांची गादी बदलायला आलेल्या कारागिराने विचारलं, तुमचे पेशंट आहेत तरी कसले? खुर्च्या पाठीशी झिजण्याऐवजी पुढच्या कडेला आणि हातांशी झिजल्यात. हृदयरोगी खुर्चीत टेकून बसतच नव्हते. आपला नंबर कधी लागतो म्हणून कडेवर येऊन, हात आवळून बसत. १९५९ साली या दोघांनी शोधनिबंध लिहिला आणि जगाला ‘टाइप ए’ माणूस मिळाला: सतत घाईत, सतत चढाओढीत, दुसऱ्याचं वाक्य तोडणारा, वाट पाहायला लावलं की चिडणारा. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या तीन हजारांवर पुरुषांची साडेआठ वर्षं पाहणी झाली. टाइप ए मंडळींत हृदयविकाराचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं.

कोल्हापुरी मराठीत टाइप ए माणसासाठी नेमका शब्द आहे: गडबड्या. पुण्यात गडबड म्हणजे गोंगाट. मास्तर म्हणतात, वर्गात गडबड करू नका. कोल्हापुरात गडबड म्हणजे घाई. “लई गडबडीत हाय, सांजच्याला बोलतो.” कन्नडमध्ये ‘गडिबिडि’ म्हणजे घाईगर्दीच, आणि कोल्हापूरच्या मराठीला कन्नडचा शेजार जुना आहे. ‘अस्वस्थ’ शब्दही इथे आठवावा. स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. हिंदीत अस्वस्थ म्हणजे आजारी. मराठीत अस्वस्थ म्हणजे बेचैन. फ्रीडमन-रोझेनमन यांचं म्हणणं थोडक्यात एवढंच होतं की, मराठी अस्वस्थाचा हिंदी अस्वस्थ होतो.

पण पुढचं प्रकरण तितकंसं सरळ झालं नाही. त्याच पुरुषांची बावीस वर्षांनंतरची मृत्यूची नोंद तपासली तेव्हा टाइप ए असण्याचा हृदयविकाराने मरण्याशी संबंध दिसेना. नंतर तंबाखू कंपन्यांची आतली कागदपत्रं अमेरिकेतल्या खटल्यांमुळे बाहेर आली आणि कळलं की टाइप एच्या संशोधनात फिलिप मॉरिसचा पैसा होता. कर्करोगाच्या बाबतीत याहून वाईट झालं. लंडनचे प्रख्यात मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक आणि त्यांचे सहकारी ग्रोसार्ट-मातिचेक यांनी असे निष्कर्ष छापले की, भावना दाबून ठेवणाऱ्या स्वभावाच्या माणसाला कर्करोग होतो, आणि या स्वभावापुढे सिगारेटचा वाटा मामुली. आयझेंक यांनाही तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता. २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने चौकशी करून या दोघांचे २६ शोधनिबंध विश्वासार्ह नाहीत असं जाहीर केलं. तोवर आयझेंक यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. स्वीडन आणि फिनलंडमधल्या जवळपास साठ हजार जुळ्यांच्या पाहणीतही स्वभाव आणि कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तंबाखू विकणाऱ्याला स्वभावाचा सिद्धान्त का आवडावा, हे सांगायला नको. दोष पुडीत नाही, तुमच्यात आहे, असं सिद्ध झालं की पुडी निर्दोष सुटते.

स्वभावावर बिल फाडण्याची ही पद्धत जुनीच आहे. क्षयरोग एकेकाळी हळव्या, प्रेमभंग झालेल्या, कविमनाच्या माणसांचा आजार समजला जाई. १८८२ साली रॉबर्ट कॉखने जंतू दाखवला आणि कविमन सुटलं. पोटातल्या अल्सरचंही तेच. चिडखोर, काळजीखोर माणसाला अल्सर होतो, हे डॉक्टरही सांगत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शल स्वतः तो जिवाणू प्यायले आणि आजारी पडले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. खवळलेलं पित्त निरपराध होतं. ज्या आजाराचं कारण सापडलेलं नसतं, त्याच्या जागी माणसाचा स्वभाव बसवला जातो.

मग टेन्शनचं काय? इथे शब्दाने मोठा घोळ घातला आहे. ‘टेन्शन’ लॅटिनमधून आलेला, अर्थ ताणणं. आपला ‘ताण’ही त्याच इंडो-युरोपीय मुळातून संस्कृत ‘तन्’मार्गे आलेला, म्हणजे दोघे चुलत भाऊ. उच्च रक्तदाबाला इंग्रजीत ‘हायपरटेन्शन’ म्हणतात, पण त्यातलं टेन्शन धमन्यांमधल्या दाबाचं आहे, मुलीच्या लग्नाचं नव्हे. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, जास्त टेन्शन म्हणजे हायपरटेन्शन. मग एखादा शांत स्वभावाचा, कुणाला कधी आवाज न चढवणारा माणूस ठामपणे सांगतो, “मला कसलं टेन्शनच नाही, मला बीपी कसं असेल?” त्याचा रक्तदाब १७० निघाला तरी तो यंत्राला दोष देतो. रक्तदाब बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. तो मापल्यावरच कळतो.

‘जीवनशैली’ हा शब्द आता आला म्हणावा. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांनी तो इतका घासला आहे की त्यात काही अर्थ उरला असेल असं वाटत नाही. पण ‘शैली’ उकलून पाहा. ती ‘शील’ या शब्दापासून बनली आहे. शील म्हणजे चारित्र्य, स्वभाव, आणि त्याहून जुना अर्थ म्हणजे अंगवळणी पडलेली वागणूक. सुशील, दानशील, अभ्यासशील यांतलं शील तेच. शील वागण्यातून दिसू लागलं की त्याची शैली होते. गंमत अशी की पश्चिमेतही हीच वाट आहे. ‘जगण्याची शैली’ हा शब्दप्रयोग मानसशास्त्रात रुजवला तो व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर यांनी, १९२० च्या दशकात, आणि त्यांना त्यातून सकाळचं फिरणं किंवा सॅलड अभिप्रेत नव्हतं. लहानपणीच पक्की होणारी माणसाची जगाकडे पाहण्याची रीत, म्हणजे जवळजवळ त्याचं व्यक्तिमत्त्वच, त्यांना म्हणायचं होतं. व्यक्तिमत्त्व आणि जीवनशैली हे आज दोन रकाने झालेत. जन्मले ते एकाच घरात.

आपल्या जुन्या वैद्यांकडे ‘जीवनशैली’ नव्हती. आहार, विहार आणि दिनचर्या होती. चर्या म्हणजे चालणं, वावरणं. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या रोगसमूहाची, कारणं सांगताना यादीत पहिलं नाव येतं ‘आस्यासुख’. आस्या म्हणजे बसणं. बसण्याचं सुख! त्याच्या मागोमाग झोपेचं सुख, मग दही, दूध, मांसरस, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ. तापट माणूस, काळजीखोर माणूस असलं काही या यादीत नाही. आहे ते सगळं उठण्या-बसण्याचं आणि ताटातलं. एवढा नेमका शब्द आपल्याकडे असताना आपण ‘बैठी जीवनशैली’ असा सात अक्षरांचा लांबलचक ऐवज का वापरतो, कोण जाणे. राजारामपुरीत दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराला ‘आस्यासुख’ लगेच कळेल. आणि यादीतला गूळ तर कोल्हापूरचा सख्खा. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

या यादीसमोर कोल्हापूरचा ‘खुराक’ ठेवून पाहा. शब्द फारसी, खाणं या अर्थाचा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं राहिलं, तालमी बहरल्या आणि त्यांच्याबरोबर तूप, बदाम, थंडाई, धारोष्ण दूध आणि मटणाचा खुराकही. ज्याने पहाटे हजार जोर-बैठका काढल्या त्याच्यासाठी तो होता. अडचण पुढे येते. लंगोट खुंटीला लागतो, नोकरी किंवा दुकान सुरू होतं, मेहनत सुटते आणि खुराक मात्र सुटत नाही. खुराक हा मेहनतीचा जोडीदार होता. एकटा पडला की तो नुसता आहार राहत नाही.

आणि मग ‘नाद’. कोल्हापूरचा शब्दकोश काढला तर पहिल्या पानावर हाच असावा. संस्कृतात नाद म्हणजे ध्वनी. सुरांना भुलून हरीण शिकाऱ्याच्या हाती सापडतं, हा जुन्या कवींचा आवडता दृष्टान्त. तिथून ‘नादी लागणं’ फार लांब नाही. पुणेकराचा छंद असतो, कोल्हापूरकराचा नाद. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, कबुतरांचा नाद. ‘नादखुळा’ ही इथली सर्वोच्च पदवी, आणि ‘नाद करायचा न्हाई’ हे खुलं आव्हान. नादात माणसाचा स्वभावही येतो आणि त्याची दिनचर्याही. म्हणून तो या चर्चेतला सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे. पण त्याच तोंडाने ‘मावा खायचा नाद’ म्हटलं की शब्दाने एक मोठी गोष्ट झाकली. तिथे नाद राहिलेला नसतो, व्यसन झालेलं असतं.

‘व्यसन’ या शब्दाची कुळी फार वरची. ‘वि’ आणि फेकणं या अर्थाचा ‘अस्’. कौटिल्याने अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर लिहिलं आणि व्युत्पत्तीही देऊन टाकली: माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते व्यसन. राज्यावरची संकटंही व्यसनंच: पूर, दुष्काळ, आग. माणसाची व्यसनं त्याने दोन गटांत मांडली, कामातून आलेली आणि रागातून आलेली, आणि त्यातही राग अधिक घातक ठरवला. म्हणजे ज्याला आपण ‘तापट स्वभाव’ म्हणून सोडून देतो त्याला कौटिल्य दारू आणि जुगाराच्या पंगतीला बसवतो. व्यसनांचं मूळ कारण कोणतं, तर शिक्षणाचा, वळणाचा अभाव. जन्माचा ठसा नव्हे.

तंबाखूचा इतिहास तर आपल्याच मुलखातला. शब्द पोर्तुगिजांच्या ‘ताबाको’चा. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला असता त्याने तंबाखू पाहिली आणि नवलाईची भेट म्हणून बादशहाला नेऊन दिली. म्हणजे दिल्ली-आग्र्याला हा नाद दख्खनमधून गेला. कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने निघालं की तासाभराच्या आत निपाणी लागतं, विडीच्या तंबाखूचं माहेर. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी तिथे मोठं आंदोलन केलं. तंबाखू हा हजारो घरांचा संसार होता आणि आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला मावा मिळायचा थांबलेला नाही. बायकांच्या मिश्रीला तर आपण व्यसनही म्हणत नाही. ‘दात घासते’ म्हणतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे-लावणारे कितीतरी जास्त. तोंडाच्या कर्करोगाचं कारण शोधायला माणसाच्या मनात शिरण्याआधी त्याच्या गालात पाहिलं तरी पुरे.

अशा आजाराला आपण ‘भोग’ही म्हणतो. हा शब्दही पाहण्यासारखा. भोग म्हणजे उपभोग, सुख. आणि मराठीत कपाळावर हात मारून म्हणतात तो भोग म्हणजे दुःख. “माझे भोग, दुसरं काय!” सुख घेणं आणि शिक्षा सोसणं, दोन्हींना एकच क्रियापद: भोगणं. शिरोड्याहून कोल्हापूरला आलेले आणि राजारामपुरीत राहिलेले वि. स. खांडेकर यांची ‘ययाती’ याच दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडते, असं म्हणता येईल. पण कादंबरीत शोभणारी ही सांगड दवाखान्यात अन्यायकारक होते. कर्करोग झालेल्या बाईला “तुझेच भोग” म्हणणं आणि “तू मनात फार ठेवतेस म्हणून झालं” म्हणणं, यांत फारसा फरक नाही. पहिल्यात मागचा जन्म दोषी, दुसऱ्यात तिचा स्वभाव. दोन्हीकडे गुन्हेगार तीच.

‘भोग’ या शब्दावर उतारा आहे: ‘जोखीम’. व्युत्पत्तिकार हा शब्द ‘योगक्षेमा’कडे नेतात. नसलेलं मिळवणं हा योग, असलेलं राखणं हा क्षेम. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात जोखीम म्हणजे आधी मौल्यवान माल, मग तो सांभाळण्याची जबाबदारी, आणि शेवटी तो बुडण्याचा धोका. आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्य कचेरीचं नाव ‘योगक्षेम’ आहे. म्हणजे धोक्याचा विमा उतरवणारे ज्या नावाच्या इमारतीत बसतात, धोक्याचा शब्द त्याच नावातून निघाला आहे. वैद्यकात जोखमीची भाषा रुजली ती अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीमुळे. १९४८ साली ५,२०९ रहिवाशांपासून ती सुरू झाली आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचं हृदयविकाराशी असलेलं नातं तिने आकड्यांत मांडलं. जोखीम म्हणजे शिक्षा नव्हे आणि भविष्यही नव्हे. ती कमी-जास्त करता येते.

२००४ साली ५२ देशांतल्या सुमारे तीस हजार लोकांचा ‘इंटरहार्ट’ अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यामागची जवळजवळ ९० टक्के जोखीम नऊ गोष्टींत सापडली: धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव, मद्याचं प्रमाण, आणि हो, मानसिक ताण. दक्षिण आशियातल्या लोकांना झटका इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो, हेही त्यात दिसलं. म्हणजे मन अगदीच निर्दोष नाही. दीर्घकाळचं नैराश्य, कामाचा आणि पैशाचा ताण, धुमसता वैरभाव यांचा हृदयाशी संबंध आहे. पण तो नऊ जणांच्या पंगतीतला एक आहे, यजमान नव्हे. शिवाय ताण आला की माणूस सिगारेट पेटवतो, झोप उडवतो, फिरणं चुकवतो, गोळी विसरतो. स्वभावाची बरीचशी मजल सवयीच्या पायांनीच पार होते.

शेवटचा शब्द ‘काळजी’. तो ‘काळीज’ शब्दातून आला असं मानतात. हे काळीज मूळचं यकृत. मटणाच्या दुकानात अजून त्याला त्याच अर्थाने मागतात, कवितेत मात्र ते हृदय झालं. मराठीने या एका शब्दाला दोन क्रियापदं जोडून फार शहाणपणाचं काम केलं आहे. काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं. पहिलं मनात घडतं, दुसरं हातापायांनी. डॉक्टर एका दमात सांगतात, “काळजी करू नका, काळजी घ्या,” आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. माणूस काळजी करणारा असावा की बेफिकीर, हे बहुतेक त्याच्या हातात नसतं. काळजी घेणं मात्र काळजीखोरालाही जमतं आणि बिनधास्तालाही.

म्हणून ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मोडण्याची गरज नाही. ती आजाराच्या दारातून बाहेर काढली की झालं. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. सरकारी केंद्रांत तिशीपुढच्यांसाठी या तपासण्या आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात येते. आणि तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.